उलटा चिमटा

चोपन्न.

*

लाल नेलपॉलिशची बाटली, तळाला गेलेली. झाकण इतकं घट्ट बसलेलं की पान्ह्याने धरून उघडावं लागतं.

*

‘त्वरा करा! सवलत संपायला अकरा मिनिटं.’

*

दोन बाहुल्यांमधलं अंतर बासष्ट मिलिमीटर. दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाले तर माणूस संध्याकाळी कपाळ धरून बसतो आणि दोष ऑफिसला देतो.

*

पॅसेजमध्ये भिंतीला टेकवलेला खोका. आई म्हणाली, “कोणाला पॅक करून पाठवतेस?”

*

उजव्या बुटाचं टोक झिजलंय. डावा बूट नव्यासारखा.

*

“विचार करून कळवते हं, काका.”

*

तिची बस बंद झाली नव्हती. वाट फुटेल तिकडे जायला लागली होती. पूर्वी नाकासमोर चालणारी बस नव्या मार्गाने चार वस्त्यांत डोकावायची, आणि सात किलोमीटरला तास लागायचा, तोही उभ्याने. कालव्याच्या कडेने बस रांगायला लागली की खिडकीतून एक बाई दिसायची. पन्नाशीची असेल. पाठीला सॅक, बारीक चाकं, मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल. पहिल्या थांब्यावर बस तिला मागे टाकायची, दुसऱ्यावर ती बसला, तिसऱ्यापर्यंत ती दिसेनाशी झालेली असायची. अकरा दिवस हिने हे पाहिलं. बाराव्या दिवशी ठरवलं, आपणही रोड बाइक घ्यायची आणि कामावर तिच्यावरूनच जायचं.

ही म्हणजे चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासणारी. वय चौतीस. घरात सगळ्यांत उंच, म्हणून लहानपणीच नाव पडलं ‘शिडी’. दुकानाच्या मालकीणबाई पुढे बसून डोळे तपासतात, नंबर काढतात. मग ही पट्टी घेऊन गिऱ्हाइकाच्या बाहुल्यांमधलं अंतर मोजते, काच घासते, फ्रेममध्ये बसवते, कानामागची काडी गरम करून वाकवते. दहा वर्षं हेच काम. रस्त्यात समोरून येणाऱ्या माणसाचा चष्मा तीळभर कलला असला तरी हिच्या हाताला खाज सुटते.

सायकल कोणत्या जातीची, हे ठरलं. कुठून घ्यायची, इथे गाडं अडलं.

कारण काका.

काका म्हणजे तिच्या वडिलांचे धाकटे भाऊ. वडील जाऊन नऊ वर्षं झाली, तेव्हापासून तिच्या घरातला नळ गळला, दार सुजलं, आईचा गुडघा धरला की पहिला फोन काकांना. सायकलचं दुकान घरापासून दोन गल्ल्या सोडून, कामावर जायच्या सरळ रस्त्यावर. पुढे दुकान, मागे दोन खोल्यांत संसार. दुकानाला दारापेक्षा जास्त रुंदी नाही. आत शिरणाऱ्याला बाहेर येणाऱ्याशी आधी ओळख करून घ्यावी लागते. छताला टायर टांगलेले, कॅलेंडरवर ग्रीसचे अंगठे. हिला सायकल शिकवली ती काकांनीच. मागून धरलंय धरलंय म्हणत कधीचं सोडून दिलं होतं.

काकांकडून घ्यावी, कारण घरचं माणूस.

काकांकडून घेऊ नये, कारण घरचं माणूस. पैसे धड घेणार नाहीत. रंग आवडला नाही तर सांगायची सोय नाही. महिन्याभरात काही वाजायला लागलं तर तक्रार कोणाकडे करायची? परक्या दुकानदाराशी भांडता येतं, काकांशी भांडलं तर आई जेवत नाही.

आणि तिसरं कारण, जे तिने स्वतःलासुद्धा हळू आवाजात सांगितलं: काकांचं दुकान काळं होतं. लहानपणी तिच्या वाट्याला आलेली प्रत्येक सायकल तिथून आली होती, आणि त्यांतली प्रत्येक सायकल तीन मेलेल्या सायकलींची मिळून एक होती. चाक एकीचं, हँडल दुसरीचं, घंटी तिसरीची. वर्गातल्या मुली म्हणायच्या, “आज कोणाची आणलीस?” आता चौतिसाव्या वर्षी तिला एक अशी सायकल हवी होती जिला कोणाचाच हात लागलेला नाही.

म्हणून ती आधी काचेच्या शोरूममध्ये गेली. तिथे सायकली दागिन्यांसारख्या दिव्याखाली ठेवलेल्या. सेल्समनने तिला वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं आणि निकाल दिला, “मॅडम, तुम्ही मीडियम.”

“मीडियम म्हणजे?”

“म्हणजे स्मॉल नाही आणि लार्ज नाही.”

उद्या मी कोणाला ‘तुमचा नंबर मीडियम’ म्हणून चष्मा दिला तर, असं मनात येऊन ती हसतच बाहेर पडली.

मग फोनवर ती दिसली. गडद निळी, दिवे लागायच्या वेळच्या आभाळासारखी. शिंगांचं हँडल, त्यावर काळी पट्टी. चार दिवसांत घरपोच. फक्त एका जागी घोडं अडलं. ‘फ्रेमचं माप निवडा: पन्नास, बावन्न, चोपन्न, छप्पन्न.’ आणि खाली बारीक लाल अक्षरांत: ‘माप चुकल्यास सायकल परत घेतली जाणार नाही.’

माप. माप कोण काढून देणार?

*

पहिला शनिवार. “नुसतं विचारायला आलेय,” ती म्हणाली.

काकांनी हातातलं काम ठेवलं. समोर एक माणूस पंक्चर काढायला थांबला होता, त्याला म्हणाले, “साहेब, अर्ध्या तासाने या. पुतणीची सायकल आहे.” मग तिला अनवाणी दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं केलं, एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन पायांच्या मध्ये वर घट्ट धरायला लावलं, आणि पुस्तकाच्या कडेशी चौकटीवर पेन्सिलची खूण केली.

काकी आतून डोकावली. “हे काय, पुन्हा उंची मोजताय? आता नाही वाढत ती.”

“उंचीने काय होतं? उंची डोक्यापर्यंत असते, सायकल पायांवर चालते,” काका म्हणाले. “सायकल विकत घ्यायची नसते, शिवून घ्यायची असते.”

दुसरा शनिवार, हात. कोपर ते बोटं, खांदा ते मनगट. कामावर कोणते बूट घालतेस? बॅग कोणत्या खांद्याला? दिवसभर मान खाली घालून काच घासतेस ना, मग हँडल फार लांब नको, मान आणखी ताणेल. तिने कधी सांगितलं नव्हतं की तिची मान दुखते.

तिसऱ्या शनिवारी काकांनी कुठून तरी एक जुनी रोड बाइक मागून आणली होती. ती दुरुस्तीच्या घोडीवर घट्ट बसवली, हिला वर बसवलं, आणि जागच्या जागी पायडल मारायला लावलं. खाली बसून तिचा गुडघा बघत राहिले. सीट बोटभर वर. पुन्हा गुडघा. नखभर खाली. मग खिशातून लाल नेलपॉलिशची बाटली काढली, पान्ह्याने झाकण उघडलं, आणि सीटच्या दांड्यावर, जिथे तो फ्रेममध्ये शिरतो तिथे, बारीक रेघ ओढली.

ही काकांची जुनी रीत. सीट एकदा माणसाच्या मापाला बसली की दांड्यावर लाल रेघ. सीट घसरली, कोणी खाली-वर केली, तरी रेघ सांगते तुझी जागा कुठली. गावभरच्या सायकलींवर काकीच्या नखांचा रंग आहे. काकी म्हणायची, “माझी नखं एकदा रंगली, लग्नात. त्यानंतर सगळा शृंगार सायकलींचा.” त्या दिवशी मात्र हे म्हणायला काकी घरी नव्हती, बहिणीकडे गेली होती.

काकांनी टेपने रेघेपासून मोजलं, दुसरं काहीतरी मोजलं, ओठ हलवत हिशेब केला.

“चोपन्न,” म्हणाले. “तुझं माप चोपन्न. फ्रेम मागवतो, बाकी सगळं मी जुळवतो. तीन आठवडे धर. रंग कोणता?”

“निळा,” तिच्या तोंडून गेलं.

“निळा तर निळा.” ते कापडाला हात पुसत उठले. “बस स्टुलावर. चहा माझ्या हातचा आहे आज, तक्रार चालणार नाही.”

चहात साखर जास्त होती. तिने पूर्ण प्यायला. निघताना म्हणाली, “विचार करून कळवते हं, काका.”

“कळव की. घाई काय आहे?”

ऑर्डर त्याच शनिवारी गेली. निळी. चोपन्न.

*

माहितीपत्रक, पान दोन.

‘आपली सायकल नव्वद टक्के जोडलेली आहे.’

उरलेले दहा टक्के म्हणजे काका, हे तिला खोका उघडताच कळलं. पण फोन कोणत्या तोंडाने करणार? रविवारी दुपारी आई आडवी झाली तशी तिने पॅसेजमध्ये चादर अंथरली.

‘पायरी एक. पुढचं चाक चिमट्यात बसवा.’ बसवलं.

‘पायरी दोन. हँडल सरळ करा व बोल्ट आवळा.’ केलं. आवळला.

‘पायरी तीन. पायडल. डावं व उजवं ओळखून लावा.’ एक उलट्या आट्याचं, घामाघूम झाली.

‘पायरी चार. सीट आपल्या सोयीच्या उंचीवर ठेवा.’

इथे ती थांबली. सोयीची उंची चौकटीवर पेन्सिलने लिहिलेली होती, आणि ती चौकट काकांच्या दुकानाला होती. तिने अंदाजाने ठेवली.

वाहतुकीत जागा वाचावी म्हणून चाक दोन्हीकडून धरणारा पुढचा चिमटा खोक्यात उलटा फिरवून ठेवलेला असतो, तो आधी सरळ करून घ्यायचा, हे पत्रकात कुठेच नव्हतं. दुकानदाराला ते सांगायला लागत नाही. एक अंश फिरलेली काच लांबून ओळखणाऱ्या हिला डोळ्यांसमोरचा अख्खा चिमटा उलटा आहे हे दिसलं नाही. ज्याची त्याची नजर ज्याच्या त्याच्या धंद्यात.

आई उठून बाहेर आली. चष्मा लावला, काढला, पुसून पुन्हा लावला.

“अगं बाई! तीन शनिवार मापं काढून भाऊजींनी किती देखणी करून दिली गं!”

“हं,” ती म्हणाली.

एवढंच. सगळं खोटं त्या एका हुंकारात मावलं. पुढे तिला शब्दांची गरजच पडली नाही.

*

सरळ रस्ता सात किलोमीटरचा. तिचा रस्ता आता नऊ किलोमीटरचा झाला, कारण सरळ रस्त्यावर काकांचं दुकान. घरातून निघाली की ती उलट्या दिशेला वळायची, शाळेच्या मागून, पाण्याच्या टाकीला वळसा घालून, मग कालव्याच्या रस्त्याला. चोराच्या वाटा चोराला ठाऊक म्हणतात. हिला त्या दोन दिवसांत पाठ झाल्या.

आणि सायकल? सायकल देखणी होती आणि भित्री होती. हात जरा सैल सोडला की हँडल थरथरायचं, नवख्या घोड्यासारखं बुजायचं. चष्म्याच्या दुकानाच्या आवारात शिरताना डावीकडे वळावं लागे. दर वेळी पुढचं चाक उजव्या बुटाला येऊन थडके. एकदा तर ती त्या थडकीने फाटकावर आपटता आपटता वाचली. दोन्ही पाय टेकवून उभी राहिली.

पहारेकरी म्हणाला, “ताई, नवीन आहे वाटतं.”

“रोड बाइक अशीच असते,” ती म्हणाली. “सवय व्हावी लागते.”

मनात मात्र वेगळंच होतं. चाक पायाला लागलं की तिला वाटे, बरोबर आहे. भोग. एखाद्याला विचारावं, दाखवावं, हे सुचायचं, पण दाखवायचं म्हटलं की एकच माणूस डोळ्यांसमोर यायचा.

त्या आठवड्यात दुकानात एक गिऱ्हाईक आलं. मालकीणबाईंनी लांबूनच ओळखलं. महिन्यापूर्वी याच खुर्चीत बसून त्याने तपासून घेतलं होतं, बाहुल्यांचं अंतर हिच्याकडून कागदावर लिहून घेतलं होतं, आणि ‘विचार करून कळवतो’ म्हणून गेला होता. आता नाकावर परका चष्मा.

“जरा नाकावरून घसरतोय,” तो म्हणाला. “नीट करून मिळेल का?”

मालकीणबाई गोड हसल्या. “जिथून आणला तिथे नाही का करत?”

“त्यांचं दुकान नाहीये. म्हणजे... मागवला होता.”

“अच्छा, मागवला होता! डोळे आमच्याकडे, चष्मा त्यांच्याकडे. कान कोणाकडे दिलेत?”

एरवी या वाक्यावर मागच्या खोलीतून पहिलं हसू हिचं यायचं. अशा गिऱ्हाइकांसाठी तिनेच नाव काढलं होतं, ‘मापचोर’. आज तिने हात पुढे केला, चष्मा घेतला, काड्या गरम केल्या, नाकाच्या गाद्या बदलल्या. चढवून पाहिला, काढला, पुन्हा वाकवला. वीस मिनिटं. तो माणूस ओशाळून म्हणाला, “राहू द्या हो, इतकं नको.”

“थांबा, डाव्या कानामागे टोचतोय तुम्हाला,” ती म्हणाली.

तो गेल्यावर मालकीणबाईंनी विचारलं, “काय गं, आज कर्णाचा अवतार?”

ती काच घासत राहिली. यंत्राचा आवाज मोठा असतो, उत्तर द्यावं लागत नाही.

*

आईने फोन केला तो पुढच्या गुरुवारी. ही भांडी पुसत होती. पलीकडचं ऐकू येत नव्हतं, अलीकडचं पुरेसं होतं.

“भाऊजी, मी बोलतेय. नाही नाही, गुडघा बरा आहे... मी म्हटलं, आभार मानायचे राहिलेच. आमच्या शिडीला काय सायकल करून दिलीत हो! सगळ्या बिल्डिंगने खाली उतरून बघितली.”

ताटली तिच्या हातातून सुटली नाही, हे नवल.

 आईने फोन दुसऱ्या कानाला लावला.  

मग आई हसली. “हो, निळीच. तुम्हाला माहीत नाही होय? तुम्हीच तर दिलीत! ... अहो नाही, कशाला कुरकुर करेल? खूश आहे... बरं. बरं, सांगते तिला. जाऊबाईंना सांगा विचारलं म्हणून.”

फोन ठेवून आई म्हणाली, “भाऊजी म्हणाले, काही त्रास देत नाही ना सायकल, विचार. भला माणूस. स्वतःच्या कामाचं कौतुक ऐकायची लाज वाटते त्यांना. आवाजच फुटेना.”

ती ताटली पुसत राहिली. कोरडी ताटली. पुन्हा पुन्हा.

काकांनी ‘कोणती सायकल?’ असं विचारलं असतं तर बरं झालं असतं. आई भडकली असती, रडली असती, दोन दिवस अबोला, आणि प्रकरण मिटलं असतं. पण काकांनी तिचं खोटं उचलून स्वतःच्या खांद्यावर घेतलं होतं, न विचारता, जसा ते आईच्या हातातून गॅसचा सिलिंडर घ्यायचे. आता ते परत मागणार कसं?

*

शुक्रवारी सायंकाळी कामावरून सुटल्यावर ती दुकानाच्या मागच्या स्टँडवर आली. साखळी जशीच्या तशी, कुलूप जसंच्या तसं. तरी सायकल वेगळी उभी होती. काय वेगळं, ते सांगता येईना. पुढचं चाक पुढे सरकल्यासारखं, मान वर केल्यासारखी. माणसाने नीट बसलेला चष्मा घातला की चेहरा सरळ दिसतो, तसं काहीतरी.

पहारेकरी आला. “ताई, एक म्हातारबाबा आले होते दुपारी. पिशवीत पाने होते. मी अडवलं, तर म्हणाले, ही माझ्या दुकानची सायकल आहे. तुम्हाला बोलवू का म्हटलं, तर नको म्हणाले, ती काच घासत असेल, तिचा हात हलेल. केलं ना मी बरोबर?”

तिने मान हलवली. खाली वाकून सीटचा दांडा पाहिला.

बारीक लाल रेघ. अजून पुरती वाळली नव्हती, बोटाला लागली.

ती बसली. पाय पायडलवर असा पोहोचला जणू तो तिथेच राहत होता. फाटकात डावीकडे वळली. चाक बुटाला लागलं नाही. कालव्याच्या रस्त्यावर हात सैल सोडले तरी सायकल सरळ चालत राहिली. नऊ दिवसांत पहिल्यांदा तिला ती बाई आठवली, बसच्या खिडकीतून दिसणारी, आणि कळलं की ती इतकी निवांत का दिसायची. सुख वाटायला हवं होतं. वाटलंही; आणि ते ज्याच्यामुळे वाटत होतं त्याचा विचार येताच तिने पायडल मारणं थांबवलं. तिच्या आवडीच्या सायकलीलाही शेवटी तोच हात लागला होता, आणि त्या हाताशिवाय ती सायकल सायकल नव्हती.

पाण्याच्या टाकीचा वळसा आला. ती वळली नाही. सरळ गेली.

*

काका दारातच बसले होते, एका चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढत. चाक फिरवायचं, बोट कडेला धरायचं, जिथे लागेल तिथली तार आवळायची. तिला पाहून त्यांनी चाक थांबवलं नाही.

“आलीस? पाय लागतोय का अजून?”

“नाही.”

“लागायचा नाही. चिमटा उलटा होता.”

तिने सायकल भिंतीला टेकवली. छताला टांगलेले टायर, ग्रीसचे अंगठे. चौकटीवर पेन्सिलची खूण तशीच होती. तिच्या खाली, खूप खाली, जुन्या पुसट खुणा.

“तुम्ही कधी पाहिलंत?”

“याच सोमवारी. सामान आणायला बसने चाललो होतो. कालव्यावर खिडकीतून बघतो तर समोरून उलटा चिमटा येतोय. म्हटलं, कोण हा गाढव? वर बघितलं तर तू.”

“मग बोलला का नाहीत?”

“बसमधून?” काका म्हणाले. “आणि तू टाकीकडून जातेस हे कळल्यावर मी काय बोलणार होतो? माणूस वळसा घालून जातो म्हणजे त्याला भेटायचं नसतं. चार दिवस जीव टांगणीला होता. आज पडते की उद्या पडते. तुझी काकी म्हणायची, जा आणि कर सरळ. मी म्हणायचो, कोणत्या नात्याने? काका म्हणून गेलो तर तिला लाज वाटेल. दुकानदार म्हणून जावं तर सायकल माझी नाही.” चाक एक फेरा फिरलं. “मग वहिनींचा फोन आला. त्यांनी मला शाबासकी दिली. झालं! सायकल माझ्या नावावर चढली. आता माझ्या नावाची सायकल उलट्या चिमट्याने गावभर फिरवू देतो मी?”

ती हसली, आणि हसता हसता डोळे भरले.

“काका, मी ती...”

“मागवलीस. कळलं मला. खोका दारावर आल्यावर गल्लीला कळतं.”

“माप तुमच्याकडून घेतलं आणि...”

“माप तुझंच आहे गं. मी नुसतं वाचून दाखवलं.” त्यांनी तार आवळली. “रंग बरा आहे. मला एवढा चांगला निळा मिळाला नसता. मी बघितलं होतं, तीन ठिकाणी.”

हे त्यांनी सहज सांगितलं. टोमणा असता तर तिला झेलता आला असता.

“आईला मी सांगणार आहे,” ती म्हणाली. “आज. तुम्ही नाही दिलीत म्हणून.”

“सांग. पण चिमटा मी सरळ केला तेही सांग. शाबासकी अर्धी तरी ठेवू दे.” त्यांनी चाक खाली ठेवलं, कंबर धरून उठले. “उभी का? बस ना स्टुलावर. काकी बाजारात गेलीय, चहा ठेवतो.”

“नको,” ती घाईने म्हणाली.

“चहा नको?”

“तुम्ही बसा, काका. चहा मी ठेवते.”

 काका खांदे उडवून स्टुलावर बसले, आणि ती त्यांच्या अंगावरून, वाट काढत, आत गेली.

तिसऱ्या शनिवारी, चार वाजून बावीस मिनिटांनी, काका आत तिच्यासाठी चहा ठेवत होते तेव्हा, याच स्टुलावर बसून तिने फोनवर ‘चोपन्न’ला बोट लावलं होतं.